दुकानात मरून, अंगणात लाल : वाचकांचे प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की मराठवाड्यात लगीनसराईची चाहूल लागते. सोयाबीनचा पैसा हातात आलेला असतो आणि संभाजीनगरच्या गुलमंडीपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत दुकानं सजलेली असतात. या वेळी दुकानदारांची पत्रं आली, तशी गिऱ्हाइकांचीही आली. दुकानातला उजेड, वास, आवाज आणि मांडणी घेणाऱ्यावर काय परिणाम करतात, हेच बहुतेकांना विचारायचं आहे.

प्रश्न : आमचं परभणीत साड्यांचं दुकान आहे. गाळा १० बाय २० फूट. गेल्या वर्षी पीओपी करून नवे एलईडी बसवले. दुकान झगमगतं, पण "इथं मरून दिसली, अंगणात बघितली तर लालभडक" म्हणत बायका साड्या परत आणतात. मॅचिंग ब्लाउजपीसच्याही तक्रारी वाढल्या. व्यापारी तोच, माल तोच. मग चुकतंय कुठं?

चूक दिव्यांची आहे. दिवा घेताना बहुतेक जण खोक्यावरचे वॅट तेवढे बघतात. कपड्याच्या दुकानाला आणखी दोन आकडे बघावे लागतात.

पहिला आकडा केल्विनचा. ६५०० केल्विन म्हणजे निळसर पांढरा उजेड. आपल्याकडे इलेक्ट्रिकच्या दुकानात नुसती "ट्यूब द्या" म्हटलं की हाच हातात पडतो. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बासारखा पिवळसर, आणि ४००० म्हणजे दोन्हींच्या मधला. साड्यांना ४००० ठेवा.

दुसरा आकडा सीआरआयचा, आणि तुमचं दुखणं याच्यातच आहे. त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, हे तो सांगतो. सूर्यप्रकाशाला १०० धरतात. स्वस्त ट्यूब ७० ते ८० च्या घरात असते. ८० वाचून समाधान मानू नका, कारण हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो आणि गडद लाल त्या आठांत येतच नाही. गडद लालाचं माप वेगळं असतं, त्याला आर-९ म्हणतात. ८० सीआरआयच्या ट्यूबचा आर-९ शून्याच्या आसपास असू शकतो. अशा उजेडात लाल रंग मेलेला, तपकिरीकडे झुकलेला दिसतो. तुमच्या शालूचं मरून झालं ते यामुळं. लग्नाच्या मालात लाल, राणी, कुंकवी याच रंगांची गर्दी असते, म्हणून फटका नेमका हंगामात बसतो. दिवे घेताना सीआरआय ९० च्या वर आणि आर-९ किमान ५० असं विचारूनच घ्या. खोक्यावर आर-९ नसेल तर कंपनीचं माहितीपत्रक मागा.

ब्लाउजपीसचं कारण थोडं निराळं आहे. साडी एका गिरणीत रंगते, ब्लाउजपीस दुसऱ्या. दोन्ही मोरपंखी असले तरी त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. एका उजेडात ती हुबेहूब जुळतात आणि दुसऱ्या उजेडात एकीचा रंग हिरव्याकडे जातो, दुसरीचा निळ्याकडे. चांगला दिवा हा फरक कमी करतो, पण पुसून टाकत नाही. म्हणून पदराचं टोक आणि ब्लाउजपीस दारापाशी, सावलीतल्या उजेडात एकमेकांवर ठेवून दाखवल्याशिवाय कापड फाडू नका. उन्हात नेऊ नका. कडक उन्हात सगळेच रंग उडाल्यासारखे दिसतात. काम अर्ध्या मिनिटाचं आहे आणि परत येणारा ब्लाउजपीस वाचतो.

आता किती दिवे लागतील ते बघू. २०० चौरस फूट म्हणजे साधारण १८.५ चौरस मीटर. साडीच्या दुकानात ४०० लक्स उजेड हवा, म्हणजे दर चौरस मीटरला ४०० ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचं माप), एकूण ७,४०० ल्युमेन झाले. यातला जवळपास निम्मा छत, फडताळं आणि धूळ खाते, म्हणून १५,००० ल्युमेन धरा. ९० सीआरआयची २० वॅटची ट्यूब १,७०० ते १,८०० ल्युमेन देते. तेव्हा आठ ते नऊ ट्यूब लागतील. सगळ्या एकाच केल्विनच्या आणि एकाच कंपनीच्या घ्या. बदलताना एखादी ६५०० ची ट्यूब घुसली की तिच्याखालची गादी वेगळ्याच रंगाची होते.

हेही तपासा :

भिंतीचा रंग. भिंत गुलाबी किंवा पोपटी असेल तर तिच्यावरून परतलेला उजेडही त्याच रंगाचा होतो. मालाच्या समोरच्या भिंती पांढऱ्या किंवा फिकट राखाडी ठेवा. पीओपीमध्ये रंगीत पट्टी लाइट असेल तर माल दाखवताना बंद करा.

गादीवरची चादर. पांढऱ्या चादरीची रीत जुनी आहे, आणि ती बरोबर आहे, कारण पांढऱ्यावर रंग खरा दिसतो. पिवळट, मळकी चादर मात्र रंग बिघडवते. हंगामात ती एक दिवसाआड बदला.

पांढरं कापड. धोतर आणि सदऱ्याच्या कापडाला नीळसदृश चमक देणारं रसायन लावलेलं असतं. ते उन्हातल्या अतिनील किरणांनी उजळतं. नेहमीच्या एलईडीत ते किरण जवळजवळ नसतात, म्हणून नवं कोरं धोतरसुद्धा दुकानात जुनाट वाटतं. ते दर्शनी बाजूला, दिवसाच्या उजेडात मांडा.

दिव्याची थरथर. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर दिव्याचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा आतला भाग) हलका असण्याची शक्यता मोठी. अशा उजेडात तासभर बसलं की डोकं जड होतं आणि गिऱ्हाईक "परत येते" म्हणून उठतं.

इन्व्हर्टर. त्याच्यावर उरल्यासुरल्या दोन स्वस्त ट्यूब लावायची सवय सोडा. लाइट गेल्यावर जे विकलं जातं, तेच परत येतं. नऊ ट्यूबचे जेमतेम १८० वॅट होतात. १५० एएचची नवी बॅटरी तेवढं पाच-सहा तास सहज ओढते.

सगळं बसवल्यावर एक लाल, एक मरून, एक काळी, एक गडद निळी आणि एक मोतिया अशा पाच साड्या सकाळी अकराला ओट्यावर बघा, मग लगेच आत गादीवर बघा. काळी आणि निळी आतही वेगळी ओळखता आली आणि लालाला लालच म्हणावंसं वाटलं, की दिवे बरोबर बसले.

प्रश्न : सोनं दुकानात पिवळंधमक दिसतं, घरी आणलं की फिकट वाटतं. फसवणूक होते का? (एक वाचक, लातूर)

नुसत्या उजेडावरून फसवणूक म्हणता येणार नाही. सराफ पिवळसर, ३००० केल्विनच्या आतले झोतदिवे लावतात, त्यात सोनं खुलतं. घरच्या निळसर ट्यूबखाली तेच सोनं फिकं पडतं. रंग बघायचा तर दागिना दारापाशी नेऊन दाखवा म्हणा. शुद्धतेसाठी रंगावर जाऊ नका, हॉलमार्क आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) बघा.

प्रश्न : बीडमध्ये रेडिमेड कपड्यांचं दुकान नव्यानं सजवलं. पुढं पूर्ण काच, तीन ग्रॅनाइटच्या पायऱ्या, एसी. शहरातली मुलं येतात, पण बाजाराच्या दिवशी खेड्यावरून येणारी जुनी गिऱ्हाइकं समोरून निघून जातात. भाव तर पूर्वीचेच आहेत.

भाव तेच आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे, रस्त्यावरच्या माणसाला नाही. तो दुकानाकडे बघून भावाचा अंदाज बांधतो. बंद काच, एसी आणि चकचकीत पायरी यांचा अर्थ त्याच्या लेखी एकच : आपल्या खिशाचं काम नाही. बाजारशास्त्राचे अमेरिकी अभ्यासक फिलिप कोटलर यांनी १९७३ साली मांडलेला मुद्दा हाच होता. दुकानाचं वातावरण हाही मालाचाच एक भाग असतो आणि ते गिऱ्हाइकाशी बोलतं. तुमचं दुकान चुकीचा भाव सांगतंय.

उपाय सोपा आहे. काचेतल्या प्रत्येक पुतळ्याच्या पायाशी किंमत लिहा, ठळक देवनागरी आकड्यात, दहा फुटांवरून वाचता येईल अशी. त्यात सगळ्यात स्वस्त माल असलाच पाहिजे. साधा पांढरा सदरा, शाळेचा गणवेश, रोजचं लुगडं काचेत लावायला संकोच करू नका. बाजाराच्या दिवशी दार उघडं ठेवा. विजेचा खर्च वाढेल, पण त्या दिवसापुरता तो करावा. चपला काढायच्या की नाही हे कळत नसेल तरी माणूस दारातच थबकतो. "चपलेसह या" एवढी पाटी पुरे.

दुसरी अडचण काचेची. एप्रिलमध्ये बाहेर लाखभर लक्स ऊन असतं आणि आत तीन-चारशे. अशा वेळी काचेचा आरसा होतो, माणसाला तिच्यात रस्ता आणि स्वतःचा चेहरा दिसतो, माल दिसत नाही. काळी फिल्म लावलीत तर आणखीच वाईट. काचेवर चार-पाच फूट पुढं येणारी छत्री बसवा, मालाची मांडणी काचेपासून दोन फुटांच्या आत आणा, मागचा पडदा फिकट ठेवा आणि वरून झोतदिवे सोडा. तुमची काच पश्चिमेला असेल तर कपडे आठवड्यानं बदला. साधी काच अतिनील किरणं पुरती अडवत नाही, आणि घडीच्या कडेला रंग उडाला की तो नग गेलाच.

आत शिरल्यावरचे पहिले चार-पाच फूट मोकळे सोडा. उन्हातून आलेल्या डोळ्यांना आत काही क्षण अंधारी वाटते. तिथं लावलेली योजनेची पाटी कुणी वाचत नाही, आणि तिथंच "या, काय दाखवू?" म्हणून गाठलं तर बिचकलेला माणूस "नुसतं बघतोय" म्हणतो. आधी पाणी विचारा, मग काम.

प्रश्न : आमच्याकडे बस्त्याला एकेका घरची पंधरा-वीस माणसं येतात. तीन तास बसतात आणि कधी कधी काहीच न ठरवता उठतात. गाणी लावली तर फरक पडेल का? (एक दुकानदार, अंबाजोगाई)

पडतो, पण गाणी शेवटी बघू. बस्ता उठतो तो बहुतेक वेळा थकव्यानं.

डोळ्यांचा थकवा आधी घ्या. वीस लाल साड्या ओळीनं बघितल्या की डोळा लालाला सरावतो आणि एकविसावी मुळात कितीही चांगली असली तरी फिकी दिसते. शस्त्रक्रियेच्या खोलीतले कपडे हिरवे असतात ते याच कारणानं, सतत लाल बघणाऱ्या डोळ्याला विसावा म्हणून. तुम्हीही सहा-सात लाल झाल्या की एक हिरवी किंवा मोरपंखी उलगडा, नाहीतर मिनिटभर नुसती पांढरी गादी दिसू द्या. उलगडलेल्या साड्यांचा ढीग गादीवर साठू देऊ नका. "पसंत", "बघू" आणि "नको" असे तीन गठ्ठे करा आणि "नको"चा गठ्ठा लगेच मागं ओढा. ढीग समोर असला की घरातलं कुणीतरी पुन्हा त्यातच हात घालतं आणि झालेला निर्णय मोडतो.

मग शरीराचा थकवा. आजीला गादीवर मांडी घालून बसवत नाही, तिच्यासाठी दीड फूट उंचीचं पाठीचं बाकडं हवंच. आजी अवघडली की बस्ता उठला समजा. पुरुषांना बसायला वेगळी जागा, लहान लेकरांना एक कोपरा, पंख्याचा वारा सगळ्यांना. वारा थेट साड्यांवर नको, घडी उडत राहिली की दाखवणारा आणि बघणारा दोघंही वैतागतात.

आता गाणी. रोनाल्ड मिलिमन या अमेरिकी संशोधकानं १९८२ साली एका सुपरमार्केटमधला प्रयोग प्रसिद्ध केला. मिनिटाला ७२ किंवा कमी ठोक्यांचं संथ संगीत असताना लोक हळू चालले आणि विक्री, ९४ च्या वरच्या जलद संगीताच्या तुलनेत, सुमारे ३८ टक्के जास्त झाली. पण ती चालत खरेदी करणारी माणसं होती. बस्त्यात माणसं आपसात बोलून ठरवतात, म्हणून संगीत त्यांच्या बोलण्याच्या खाली राहिलं पाहिजे. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, तुम्ही ५० च्या पुढं जाऊ नका. संथ सनई किंवा बासरी, शब्दांवाचून, एवढंच पुरे. शब्द आले की कान तिकडे जातो. ध्वनिमुद्रित गाणी दुकानात वाजवायला कॉपीराइट कायद्याप्रमाणे परवाना लागतो, तो काढून ठेवा. बाहेर रस्त्याकडे तोंड करून लावलेला भोंगा तर काढूनच टाका. बाजारपेठेत दिवसाची मर्यादा ६५ डेसिबल आहे, आणि त्या आवाजात आत कोणाला कुणाचं ऐकू येत नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात कूलर लावला की दुकानात कुबट वास येतो. उदबत्ती लावली की कपड्यांना धूर बसतो. काय करावं? (एक वाचक, जालना)

वास झाकू नका, त्याचं मूळ काढा. कूलरची टाकी आठवड्यातून दोनदा पूर्ण रिकामी करून घासा आणि रात्री बंद करताना आधी पंप थांबवून पंखा पंधरा मिनिटं चालू ठेवा, म्हणजे ताट्या कोरड्या होतात. ओल्याच राहिलेल्या ताट्यांतून सकाळी तो वास सुटतो. कूलर खिडकीत हवा, कोरडी हवा बाहेरून ओढणारा, आणि समोरच्या बाजूनं हवा बाहेर जायला तेवढीच वाट हवी. बंद गाळ्यात तो नुसता दमटपणा वाढवतो. २,००० घनफुटांच्या दुकानाला ताशी १,७०० घनमीटर हवा देणारा कूलर लागतो. मृगानंतर पंप बंदच ठेवा, दमट हवेत तो गारवा देत नाही आणि साडीची जर मात्र काळवंडते. डांबर गोळ्या जरीला टेकू देऊ नका.

उदबत्ती एकच, दाराजवळच्या देव्हाऱ्यात, दुकान उघडताना. फिनेलची फरशी माल मांडायच्या तासभर आधी. सुवास हवाच असेल तर ताट्या वाळ्याच्या बसवा. वास मालाला आणि ऋतूला शोभला तरच उपयोगी पडतो. कापडाच्या दुकानात चॉकलेटचा वास आला तर माणूस गोंधळतो, घेत काही नाही.

प्रश्न : मॉलमध्ये साबण आणायला जाते आणि दोन पिशव्या भरून येते. असं का होतं? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

ती इमारत त्यासाठीच तशी बांधलेली असते, तुमचा स्वभाव बिघडलेला नाही. व्हिक्टर ग्रूएन या वास्तुविशारदानं अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९५६ साली पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभा केला. बाहेरचं ऊन, थंडी, वेळ काहीच आत कळत नाही, आणि आपण कशासाठी आलो हे हळूहळू विसरायला होतं. दूध आणि पीठ सगळ्यात मागं असतं, त्यामुळं सगळं दुकान पार करावंच लागतं. वस्तू हातात घेतली की ती आपलीच वाटू लागते. संगीतही काम करतं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात फ्रेंच संगीत लागलं तेव्हा फ्रेंच वाइन जास्त खपली, जर्मन लागलं तेव्हा जर्मन. विचारल्यावर बहुतेकांनी संगीताचा काही संबंध नाही असंच सांगितलं.

म्हणून "मी बळी पडणार नाही" असं ठरवून भागत नाही. चार वस्तूंची यादी कागदावर न्या, ढकलगाडीऐवजी हातातली टोपली घ्या (ती जड झाली की हातच सांगतो), मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावा आणि पाकिटावरचा एकूण भाव न बघता किलोमागचा भाव बघा. जेवून जा.

प्रश्न : हिंगोलीत आमचं किराणा दुकान आहे, १५ बाय ३० फूट. काउंटर काढून गिऱ्हाइकाला आत सोडायचं आहे. रॅक किती बसतील?

अशी रचना १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स या किराणा व्यापाऱ्यानं सुरू केली, आणि तेव्हापासून चूक एकच होत आलीय : रॅक जास्त, वाट कमी. दोन्ही भिंतींना सव्वा फूट खोलीचे रॅक लावलेत की साडेबारा फूट उरतात. मध्ये अडीच फुटांचा एकच दुहेरी रॅक ठेवला तर दोन्हीकडे पाच-पाच फुटांच्या वाटा मिळतात. हाच मोह वाढवून दोन रॅक बसवलेत तर अडीच फुटांच्या तीन गल्ल्या होतील. अडीच फुटांत खाली वाकून डाळ बघणाऱ्या बाईला मागून जाणाऱ्याचा धक्का लागतोच, आणि धक्का लागला की ती डाळ तशीच ठेवून पुढं सरकते. बायका तुमच्या दुकानात येईनाशा होतील आणि कारण कुणी तोंडानं सांगणार नाही. एकच रॅक बसवा.

मधल्या रॅकची उंची पाच फुटांपेक्षा कमी ठेवा, पैशाच्या गल्ल्यावर बसून सगळं दुकान दिसलं पाहिजे. तेलाचे डबे खाली, रोजचा माल कमरेपासून खांद्यापर्यंत.

पोती मात्र काढू नका. आपल्याकडचं माणूस ज्वारी मुठीत घेऊन, दाणा दाताखाली फोडून बघतं. सगळं पाकिटात बांधलंत तर ती पारख बंद पडते. ज्वारी, तूरडाळ आणि तांदूळ यांची उघडी पोती दारापासून दुसऱ्या टप्प्यावर, दीड फुटाच्या चौरंगावर ठेवा. शेजारी काटा असा ठेवा की आकडा गिऱ्हाइकाकडे तोंड करून असेल. त्यांच्या वर ४००० केल्विनचा चांगला दिवा लावा, कारण पिवळ्या उजेडात तूरडाळीचा रंग जास्तच खुलतो आणि घरी परातीत ओतल्यावर तिचा खरा रंग दिसतो.